भिंतीत खिळा नको

वस्तादाच्या सलूनात दोन खुर्च्या होत्या, पण गिऱ्हाईक यायचं ते त्याच्या कानांसाठी. गळ्याभोवती कापड आवळलं, मानेवर पाण्याचा फवारा पडला, की भला भला माणूस सैल सुटायचा. सासूची भांडणं, पोराचे उद्योग, साहेबाची लफडी, सगळं बाहेर. वस्ताद नुसता "मग?" म्हणायचा. त्याचं ठाम मत होतं, की गळ्यावर वस्तरा असताना कुणी थापा मारत नाही.

ह्या मतानंच त्याचा घात केला.

चष्म्याच्या दुकानाचा मालक दिवसाआड दाढीला यायचा. त्याची चार घरं भाड्यानं दिलेली. तोंडाला फेस फासलेला असला तरी त्याचं चालूच. "वस्ताद, मी घोरत पडलेला असतो आणि घरं कमावत असतात. तू किती वर्षं उभा राहणार? पाय बघ तुझे, खांब झालेत."

पाय खरंच सुजायचे. वस्तादानं घरी विषय काढला, की सलूनचा गाळा विकायचा, एक फ्लॅट घ्यायचा आणि भाड्यावर आरामात जगायचं.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "परवा उसनी दिलेली शिडी परत मागायला मला पाठवलंत," ती म्हणाली. "तुम्ही भाडं मागणार?"

"मागायचं काय त्यात? ते आपोआप येतं."

"आपोआप फक्त केस वाढतात."

"मग चष्मेवाला काय खोटं बोलतोय?"

"खोटं कशाला बोलेल? पण ते त्याचं खरं आहे. तुमचं नाही."

दुसऱ्या खुर्चीवरचा जोडीदारही म्हणाला, "गाळा विकू नको. मी चालवतो, तू नुसता बसून गप्पा मार." वस्तादाला वाटलं, ह्याला स्वतःच्या पोटाची पडलीय. गाळा गेला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे. जोडीदार भलतीकडे कामाला लागला, आणि वस्ताद समोर दिसला की रस्ता ओलांडून जायला लागला.

फ्लॅट आला तिसऱ्या मजल्यावर. चष्मेवाल्यानं धडे दिले. "भाडेकरूशी सलगी करू नको, हसलास की फसलास. आणि भिंतीत खिळा ठोकू द्यायचा नाही. आज खिळा, उद्या खिंडार." भाडेकरू मिळाली एक नर्स, सोबत तिचे म्हातारे वडील. वस्तादानं कपाळाला आठ्या घालून सगळे नियम तिला म्हणून दाखवले. आवाजसुद्धा चष्मेवाल्याचाच काढला. ती बिचारी दर वाक्याला मान हलवत होती.

आता बघा, भाडं कधी मागावं लागलंच नाही. ठरल्या दिवशी हजर. बायकोला त्यानं ते चार वेळा ऐकवलं. पायांची सूज उतरली. पण दिवस काही उतरेना. सकाळी दाढी करून बसायचं, आणि करायचं काय? मोबाइलच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला, तर तिथं प्रत्येक मुंडी खाली, तोंड बंद. कधी फ्लॅटवर गेला, तर दार वीतभर उघडायचं. "काही काम होतं का?" काम काय असणार? दोन शब्द बोलावेत म्हणून आलेला माणूस. "सहज," म्हणायचा आणि जिना उतरायचा. मालक सहज येतो, ह्यावर कोण विश्वास ठेवणार?

मग एकदा नर्सचा निरोप आला, की नळ गळतोय. प्लंबरला पाठवायचं सोडून हा स्वतःच गेला. ती कामावर होती. दार म्हाताऱ्यानं उघडलं. त्यानं मालकाला कधी पाहिलेलं नव्हतं.

"नळ बघायला आलोय," वस्ताद म्हणाला. त्यात खोटं काहीच नव्हतं.

नळाचा वायसर बदलून झाला. म्हातारा खुर्चीत बसून बघत होता. केस कानावर आलेले, मानेवर जंगल. वस्तादाची बोटं शिवशिवायला लागली.

"केस फार वाढलेत तुमचे. कापून देऊ?"

"नळवाले केसपण कापतात?"

"गळती थांबवायची, वाढ कापायची. हात एकच."

म्हातारा खो खो हसला. वस्तादाच्या खिशात कात्री अजून असायचीच. जुनी चादर गळ्याभोवती बांधली, केस ओले केले, कात्री चालू झाली. आणि म्हातारा सुटला. तरुणपणी खेळलेली एक कुस्ती, ती अर्ध्यात सोडून बायकोचा तापट स्वभाव, सगळं. वस्ताद "मग?" म्हणत होता. कित्येक महिन्यांनी त्याच्या छातीत काहीतरी जागेवर बसलं होतं.

"ती बघा, ती," म्हाताऱ्यानं बोट दाखवलं. फोटोतली बाई जमिनीवर, भिंतीला टेकून उभी होती. "हयात होती तेव्हा कुणापुढे वाकली नाही. आता झाडू मारताना रोज बाजूला सरकवतो तिला."

"टांगत का नाही?"

"मालकाला खिळा चालत नाही. पोर फार घाबरते त्याला. बेल वाजली की आधी मला गप्प करते. मी म्हटलं, माणूसच आहे ना तो? तर म्हणते, बाबा, ह्या पगारात दुसरं घर मिळायचं नाही."

वस्तादाची कात्री हवेत थांबली. 

तेवढ्यात कुलूप वाजलं. नर्स आत आली आणि दारातच थिजली. "मालक, तुम्ही?"

चादरीखालचा म्हातारा ताठ झाला. अर्धं डोकं कापलेलं, अर्धं तसंच.

"नळ झाला," वस्ताद म्हणाला. "आणि हे बघा ताई, खिळा ठोका. दोन ठोका. मी आत्ता हातोडी आणतो."

"नको, नको. बाबांचं मनावर घेऊ नका, ते काहीही बोलतात. फोटो खालीच छान दिसतो."

"अहो, मी मनापासून सांगतोय."

"हो ना. राहू दे पण."

त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. "काका, तुमची ती कुस्ती राहिली. पुढं काय झालं?"

"काही नाही, मालक," म्हातारा भिंतीकडे बघत म्हणाला. "हरलो."

उरलेलं अर्धं डोकं वस्तादानं कापलं. घर इतकं शांत, की पडणाऱ्या केसाचासुद्धा आवाज आला असता. आयुष्यात इतकी डोकी हाताखालून गेली, पण एकही असं मुकाट्यानं कापलं नव्हतं. केस त्यानं स्वतः झाडून घेतले. नर्स दोनदा "राहू दे" म्हणाली, झाडू मागायला पुढे आली नाही.

घरी बायकोनं विचारलं, "नळ झाला?"

"झाला."

"मग तोंड का असं?"

त्यानं पायांकडे बघत फोटोचं, खिळ्याचं, म्हाताऱ्याचं सगळं सांगितलं. पाय अगदी छान दिसत होते.

"तू सांगितलं होतंस," तो म्हणाला.

"मी भाड्याचं बोलले होते," बायको म्हणाली. "हे मलापण कुठं माहीत होतं?"