दोन कंपन्यांची एकच खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. लगेच मोडक्या पायाची, सुतळीनं बांधलेली खुर्ची डोळ्यांपुढे आणू नका. मी विमानातली, कातड्यानं मढवलेली, रुंद हातांची, आणि तीही पुढच्या वर्गातली! पडद्यामागे दीडशे खुर्च्या दाटीवाटीनं उभ्या असत. पडद्यापुढे आम्ही फक्त बारा जणी, ऐसपैस. आता ॲरिझोनाच्या वाळवंटात, इंजिनं काढून नेलेल्या विमानात मी वाळू खात पडले आहे. तुम्ही आलात ते बरं झालं. सांगते ते सगळं खरं आहे. जिथे वाढवलं असेल, तिथे वाढवलेलंही खरं धरून चाला.

माझा जन्म नॉर्थ कॅरोलिनातल्या कारखान्यात झाला. माझं कातडं शिवणाऱ्या बाईनं शेवटचा टाका घातला, माझ्यावर एकदा बसून पाहिलं आणि म्हणाली, "बस झालं, पोरी. आता माझ्या ओळखीचं कोणी तुझ्यावर बसणार नाही." तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. लहान होते.

मग मला 'ब्लूस्टेम' कंपनीच्या विमानात दुसऱ्या रांगेत बसवलं. ओमाहा ते सिएटल, रोज दुपारी. किती माणसं बसली म्हणून सांगू! एक वकील इतका घोरायचा की माझे सात टाके उसवले आणि वैमानिकाला वाटलं इंजिनच बिघडलं. एक बाई सिएटलपर्यंत रडली आणि उतरताना मला 'थँक यू' म्हणाली. तेवढी एकच.

आम्हा खुर्च्यांचे पाय जमिनीतल्या लांब लोखंडी रुळांत घट्ट बसवलेले असतात. तेच रूळ पुढून थेट मागच्या शेपटीपर्यंत जातात. त्यामुळे मागच्या खुर्च्यांचं बोलणं आमच्या पायांतून वर येतं. पडदा माणसांसाठी असतो.

विमानतळावर शेजारच्याच दारातून आमच्या वैऱ्यांचं, 'गोल्डन मेसा'चं विमान वीस मिनिटांनी सुटायचं. तेही सिएटललाच. आमच्याकडे कापडी रुमाल, चिनी मातीची ताटली, टोमॅटोचं गरम सूप आणि शेकलेले बदाम. त्यांच्याकडे टोपलीत बिस्किटांचे पुडे आणि कागदी पेल्यात कॉफी. आमच्याकडे कोट अडकवायला लाकडी हँगर, त्यांच्याकडे 'मांडीवर ठेवा ना, गरम राहाल.' प्रवासी या गोष्टींवरून भांडत, आणि भांडणाचा न्याय करणारा एक माणूस होता. हार्लन ऑस्टबी.

हा हार्लन खोट्या दातांच्या साच्यांचा विक्रेता. आठवड्यातून दोनदा सिएटलला जायचा, एकदा आमच्याकडून, एकदा त्यांच्याकडून. खिशात थर्मामीटर आणि हातात थांबघड्याळ. बदामात थर्मामीटर खुपसायचा! कोट किती सेकंदांत उचलला, नावानं हाक मारली की नुसतं 'सर', सूप किती अंश, सगळं टिपून घरी गेल्यावर नेटवर दोन्ही कंपन्यांची तुलना लिहायचा. सत्तर हजार लोक वाचायचे. त्यात आमच्या कंपनीचे मोठे साहेबही होते, हे वाईट.

आणि होती वर्ना दालक्विस्ट. हवाई सुंदरी म्हणतात खरं, पण वर्ना सत्तावन्न वर्षांची. उजव्या गुडघ्याला पट्टा, नाकावर चष्मा, आणि हात असा स्थिर की ढगांत विमान हेलकावत असताना काठोकाठ भरलेलं सूप न सांडता ठेवायची. पुढचा वर्ग तिचा. मागचा वर्ग बॉनी कझमार्झॅकचा. दोघी एकवीस वर्षं एकत्र उडत होत्या.

एके दिवशी साहेबांचं पत्र आलं. वर्ना माझ्या हातावर टेकून ते वाचत होती.

"काय म्हणतात राजेसाहेब?" बॉनीनं विचारलं.

"वर्षअखेर ऑस्टबीच्या लिखाणात जी कंपनी वर, ती ओमाहाची फेरी ठेवणार. आपण खाली आलो तर ओमाहाचं ठाणं बंद. सगळ्यांनी फीनिक्सला हजर व्हायचं."

"एका दातवाल्याच्या बदामांवरून?"

"एका दातवाल्याच्या बदामांवरून."

बॉनी हसली नाही. वर्नाचा नवरा डेल घरी असायचा. त्याची स्मृती पार विरत चालली होती. बायकोचं नाव कधी आठवे, कधी नाही. पण ओमाहातलं घर त्याच्या तळव्यांना पाठ होतं. भिंतीवर हात ठेवून तो न्हाणीघरात जायचा, स्वयंपाकघरात जायचा, परत खुर्चीत येऊन बसायचा. शेजारीण लक्ष ठेवायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, याचं घर बदलू नका.

"मी त्याला फीनिक्सला नाही नेणार," वर्ना म्हणाली. "ऑस्टबीला सूप उकळून पाजीन, पण नाही नेणार."

पत्रात नवा नियमही होता. पुढच्या बारा जणांची ताटं उचलेपर्यंत पडद्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही.

आता एक बारकी गोष्ट सांगते, तिच्यावर सगळं अवलंबून आहे. बर्फाचा मोठा डबा पुढे वर्नाजवळ असायचा. मागचा बर्फ रोज वायोमिंगचे डोंगर आले की संपायचा. मग बॉनी कुठल्याही रिकाम्या खुर्चीवरचं बटण दाबून दोनदा घंटी वाजवायची, आणि वर्ना सवडीनं पिशवी भरून द्यायची. नियमात हे कुठेच नव्हतं. एकवीस वर्षांची दोघींची सवय होती.

त्या दुपारी ऑस्टबी माझ्या शेजारच्या खिडकीजवळ बसला होता. मी रिकामी होते. वर्नानं त्याच्यापुढे रुमाल अंथरला, त्यानं घड्याळ सुरू केलं. डोंगर आले. घंटी वाजली. दोनदा.

"बॉनीचा बर्फ संपला," वर्ना पुटपुटली आणि सूप ओतू लागली.

पण माझ्या पायांतून वेगळीच बातमी येत होती. एकोणिसाव्या रांगेतली खुर्ची ओरडत होती, 'अगं, माझ्यावरची म्हातारी निळी पडतेय!' युनिस टॅकेट नावाची बाई, सिएटलला नातीच्या लग्नाला निघालेली. बॉनी गुडघ्यांवर बसून तिच्या गळ्याचं बटण सोडवत होती. तिनंच शेजारच्या माणसाला सांगितलं होतं, "बटण दाबा, दोनदा दाबा, ती येईल." प्राणवायूची नळकांडी पुढे होती, पहिल्या रांगेच्या वरच्या कप्प्यात.

मी काय करणार? मला चाकं नाहीत. मी माझी पाठ करकरवली. वर्नाला वाटलं, तेल घालायला हवं.

पुन्हा दोनदा घंटी. ऑस्टबीनं वर्नाकडे पाहिलं. वर्नाची नजर सुपावरून हलली नाही. पाव ठेवला. लोणी ठेवलं. "आणखी काही, मिस्टर ऑस्टबी?"

सहा मिनिटं गेली. मग बॉनीनंच पडदा फाडल्यासारखा बाजूला सारला. "वर्ना! प्राणवायू! बहिरी झालीस का गं?"

पुढचं भराभर झालं. युनिसबाईंना उचलून आणलं आणि मला मागे पाडून माझ्यावर निजवलं. वर्नानं तोंडावर मुखवटा धरला, बॉनी छाती दाबत राहिली. विमान डेन्व्हरकडे वळलं. उतरायच्या आधीच माझ्यावरचं ते हलकं शरीर एकदम जड झालं. माणूस गेला की आधी खुर्चीला कळतं, मित्रांनो. डॉक्टरला मागाहून.

ऑस्टबी खिडकीबाहेर पाहत होता. त्यानं आपला कोट काढून बाईंच्या पायांवर घातला होता, हेही सांगायला हवं. तो दुष्ट नव्हता. त्याला ती घंटी कशाची होती हे माहीतच नव्हतं.

आठ दिवसांनी त्याचं लिखाण आलं. बॉनीनं ते मोठ्यानं वाचलं. बाईंबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. लिहिलं होतं, 'सूप एकाहत्तर अंश. मागून चार वेळा घंटी वाजली, पण वर्नाचं लक्ष पाहुण्यावरून ढळलं नाही. याला म्हणतात सेवा. गोल्डन मेसानं शिकावं.' शंभरापैकी शंभर.

कंपनीनं ते वाक्य चौकटीत घालून वर्नाला पाठवलं. तिनं ते कचऱ्याच्या खणात टाकलं, मग त्यावर कॉफीचा चोथा ओतला.

"तुझी चूक नव्हती," बॉनी म्हणाली. "घंटी बर्फाचीच होती की आपली."

"तू म्हण तसं. मला नको सांगूस."

डिसेंबरात शेवटची तुलना होती. दोन्ही कंपन्यांना सारखेच गुण पडले होते. ऑस्टबी आला आणि या वेळी थेट माझ्यावर बसला. थर्मामीटर, घड्याळ, सगळा थाट. सकाळीच साहेबांचा फोन येऊन गेला होता. वर्नानं घरून निघताना डेलला खुर्चीत बसवलं होतं, आणि त्यानं तिला तिच्या नावानं हाक मारली होती. बॉनीला हे तिचं तीनदा सांगून झालं होतं.

सूप अर्धं ओतलं होतं, तेव्हा घंटी वाजली. एकदाच.

वर्ना थांबली.  तिनं सुपाचं भांडं होतं तसं ऑस्टबीच्या मांडीवरच्या फळीवर ठेवलं.

"वर्ना," तो म्हणाला, "घड्याळ चालू आहे हं."

"चालू दे," ती म्हणाली आणि पडद्यापलीकडे धावली. गुडघ्याचा पट्टा घसरून घोट्यापर्यंत आला होता.

बावीस नंबरच्या खुर्चीनं मला लगेच कळवलं. एका तरण्याताठ्या माणसाला आल्याचा सोडा हवा होता. बस्स. वर्नानं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुम्हाला बरं वाटतंय ना? श्वास नीट येतोय?" तो म्हणाला, "अहो बाई, सोडा मागितला मी." तरी ती आणखी एक मिनिट त्याच्याजवळ उभी राहिली.

चार मिनिटं एकवीस सेकंद. सूप चव्वेचाळीस अंश. ब्लूस्टेम दोन गुणांनी हरली.

ठाणं बंद झालं. विमानं गोल्डन मेसानं विकत घेतली, आणि त्यांच्यासोबत मीही गेले. बाहेर नवा रंग, आत तीच मी. पडदा त्यांनी काढून टाकला. बिस्किटांचा चुरा माझ्या खाचांत साचला, कातडं फाटलं तिथे कोणी चिकटपट्टी लावून गेलं. नावानं हाक मारणं गेलं. एकदा तर उतरताना एक प्रवासी शौचालयातच राहिला आणि सफाईवाल्यांबरोबर बाहेर आला! पण त्यांच्या टोपलीवाल्या बायकांना ताटं मांडायची नसत, त्या दिवसभर पुढून मागे चालत असत. त्यांना बघायला आपसूक मिळायचं.

बॉनी त्यांच्याकडे लागली होती. वर्षभरानं एक दिवस ती माझ्यावर बसली आणि दुसऱ्या बाईला वर्नाचं सांगू लागली. वर्नाला नोकरी सोडता येत नव्हती, म्हणून डेलला घेऊन ती फीनिक्सला गेली. तिथल्या घरात तो भिंतीवर हात ठेवून ओमाहातलं न्हाणीघर शोधायचा. ओमाहात जिथे दार होतं, तिथे इथे जिना होता. अकराव्या दिवशी तो पडला, आणि पुन्हा उठला नाही.

"मी तिला फोन केला," बॉनी म्हणाली. "विचारलं, वर्ना, त्या सोड्यापायी गं? एवढ्याशा सोड्यापायी? तर म्हणाली, उठून गेल्याशिवाय कसं कळणार होतं सोड्याचं आहे म्हणून?"

मित्रांनो, माझी कोणी डागडुजी करावी असं मी मागत नाही. माझं कातडं आता उंदरांचं आहे. तुम्हाला पुढं बसायला मिळालं तर जरूर बसा, सूप गरमच मागा, बदाम थंड असले तर तक्रारही करा. फक्त मागे कुठे घंटी वाजली आणि वाढणारीचा हात तुमच्या ताटावर अडला, तर तेवढं घड्याळ बंद करा, ताट तिच्या हातून आपल्या हातात घ्या, आणि तिला म्हणा, 'जा, बाई, बघून या.'