तीनशे मैल शिल्लक

मार्लिस पेत्स्काच्या नाकाच्या शेंड्यावर राग कायम बसलेला असतो, असं तिच्या दिराचं मत होतं. या दिराचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या कुंपणाला टेकून गप्पा हाणण्यात गेलेलं, त्यामुळे त्याच्या मताला ती काडीची किंमत देत नसे. पण त्या नोव्हेंबरात तो म्हणत होता ते खरं होतं. ती रागातच उठत होती आणि रागातच अंथरुणाला पाठ टेकत होती. कारण अंगणात उभं होतं, सगळ्या जगाला दिसेल असं: पांढरा, चार दारांचा, डिझेलवर चालणारा पिकअप ट्रक. मीटरवर नव्याण्णव हजार सातशे मैल. एक लाख मैल भरले की वॉरंटी संपणार होती. म्हणजे उरले तीनशे.

नेब्रास्काच्या त्या वाळूच्या टेकड्यांत तीनशे मैल म्हणजे काहीच नाही. किराणा आणायला साठ जातात. म्हणून तिने आठवडाभर गाडीची किल्ली स्वतःच्या एप्रनच्या खिशात ठेवली होती, आणि तिचा नवरा लायल जुन्या, हीटर मेलेल्या खटाऱ्यातून गाईंना पेंड घालायला जात होता. बर्फ पडायला लागल्यावर हे जमणार नव्हतं. तो खटारा ओल्या वाळूतसुद्धा रुतून बसे.

पांढऱ्या गाडीचं दुखणं जानेवारीत कळलं. म्हणजे मार्लिसला जानेवारीत कळलं, लायलला आधीपासून ठाऊक होतं. त्या दिवशी पारा शून्याखाली वीस होता आणि वारा असा की घराचं दार आतूनही ढकलवत नव्हतं. दुपारी ती भांडी घासत होती. खिडकीतून पाहते तर अंगणाच्या फाटकापाशी लायल उभा. साखळी काढायचा प्रयत्न करतोय आणि काढता येत नाहीये. गाडी बरोबर नाही. ती धावत गेली. उत्तरेच्या कुरणात गाडी बंद पडली होती आणि तिथून तो चार मैल चालत आला होता. त्याला फाटक उघडता येत नव्हतं, कारण बोटं वळत नव्हती. ‘गाडी जरा थांबली,’ एवढंच तो म्हणाला. पुढे डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

त्यानंतर गाडी तीनदा शोरूमला नेली. तिन्ही वेळा सर्व्हिसच्या काउंटरवरून एकच उत्तर: काही सापडलं नाही. तिसऱ्या वेळी, ऑगस्टात, मार्लिस सोबत होती, तेव्हा तिने स्वतःच्या कानांनी लायलचं बोलणं ऐकलं. हॅट हातात धरून तो काउंटरवरच्या रॉडला म्हणत होता, ‘बघ बाबा, तुला वेळ असेल तर. माझंच काहीतरी चुकत असेल.’ तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. माणसाचे पाय गोठतात आणि वर हाच माफी मागतो.

“शुक्रवारी जायचं,” ती नाश्त्याला म्हणाली. “ही एक्स्चेंजमध्ये द्यायची आणि दुसरी घ्यायची. वॉरंटी आहे तोवर तिला कोणी हात लावेल. नंतर भंगार.”

लायलने अंड्यावर मिरपूड टाकली. “सध्या बरी चालतेय.”

“बरी चालली ती उन्हाळ्यात. उन्हाळ्यात माझी आईसुद्धा बरी चालायची.”

“बघू.”

“तू बघत बस. पुढच्या जानेवारीत तुला शोधायला मी कुठल्या फाटकापाशी यायचं तेवढं आत्ताच सांगून ठेव.”

लायलने अंड्याचा घास घेतला. बत्तीस वर्षांत तो कशावरच काही बोलला नव्हता. भांडणात समोरच्याने तोंडात मिठाची गुळणी धरली की बोलणाऱ्याची जी दमछाक होते, ती मार्लिस बत्तीस वर्षं सोसत होती.

गुरुवारी संध्याकाळी त्याने गाडी धुतली. त्या मुलखात मळकी गाडी गावात नेणं म्हणजे शेणाच्या बुटांनी चर्चमध्ये जाणं. चाकांच्या आतल्या बाजूचं वाळलेलं शेण त्याने स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलं, काचा वर्तमानपत्राने पुसल्या. शुक्रवारी सकाळी ती दोघं पंचाण्णव मैलांवरच्या शोरूमला निघाली. गाडी सरळ हायवेवर अशी पळत होती की जणू तिने कधी कुणाचं वाईट केलंच नाही. मार्लिस वाटभर मीटरकडे बघत होती.

विक्रीच्या टेबलावर ट्रेंट होता. पस्तिशीतला, गुळगुळीत दाढी केलेला. त्याच्या बापाकडून लायलने चार गाड्या घेतल्या होत्या. ट्रेंट गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि हात चोळत बसला.

“काय ठेवलीये गाडी, मिस्टर पेत्स्का. आणि रेकॉर्ड तर बघा. तीनदा तक्रार आली, तीनदा आमच्या लोकांनी उलटीपालटी करून तपासली, काही म्हणजे काही सापडलं नाही. एवढी निरोगी गाडी या मैलांना मला मिळते कुठे?”

त्याने आकडा सांगितला. चांगला होता. मार्लिसला वाटलं होतं त्याहून बराच चांगला.

तिला हसू येईना आणि ओरडताही येईना. ज्या ‘काही सापडलं नाही’ने तिच्या लंगड्या नवऱ्यालाच खोटं पाडलं, तेच ‘काही सापडलं नाही’ आता भाव चढवत होतं. मग तिच्या मनात आलं, घ्या. तुमचीच थाप तुमच्याच गळ्यात. आम्ही सांगत होतो तेव्हा ऐकलं नाहीत ना, आता आम्ही सांगणार नाही. दहा महिन्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं.

“कुठे सही करायची?” तिने विचारलं. गाडी दोघांच्या नावावर होती.

ट्रेंटने कागद फिरवला. ‘वाहनात माहीत असलेला दोष’ या ओळीपुढे ‘नाही’वर त्याने आधीच खूण केली होती. “रेकॉर्डप्रमाणे,” तो म्हणाला. “आणि काळजी नको, चांगल्या घरी जाणार आहे. जोलीन वावरा सोमवारी बघायला येतेय. तिला अशीच हवी होती.”

जोलीन ही घरोघर जाणारी नर्स. टेकड्यांतल्या एकेकट्या घरांत म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना बघायला ती एकटी गाडी घेऊन हिंडते. लायलच्या पायाची पट्टी दीड महिना एक दिवसाआड तिनेच बदलली होती आणि कॉफीशिवाय काही घेतलं नव्हतं.

मार्लिसने पेन उचललं. ती स्वतःला सांगत होती की विकणारे हे आहेत, मी नाही. जोलीन काही कुक्कुलं बाळ नाही, तिने विचारून घ्यावं. आणि तिची वॉरंटी, तिचं नशीब. असं काय काय ती सांगत होती, आणि पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं.

“जोलीन हळू चालवते,” लायल म्हणाला.

तो मांडीवरच्या हॅटशी बोलत होता. ट्रेंटने हसून विचारलं, “म्हणजे?”

“कुरणातून जाते ती. फाटकाफाटकाला उतरते, गाडी चालू ठेवून. हळू चालवली की या गाडीच्या धुराच्या नळीतली गाळणी तुंबते. आपोआप साफ व्हायला पाहिजे, ती होत नाही. मग दिवा लागतो, दम जातो आणि गाडी बंद पडते.” त्याने हॅट उलटी केली. “हायवेवर पंचाण्णव मैल पळवली की गाळणी तापून मोकळी होते. इथे पोचेपर्यंत ती बरी झालेली असते.”

मार्लिसने पेन खाली ठेवलं. “हे तुला कधी कळलं?”

“मार्चमध्ये.”

“मार्चमध्ये,” ती म्हणाली. “आणि ऑगस्टात तू तिला धुवून, पुसून, पंचाण्णव मैल पळवून इथे आणलीस.”

“बंद पडलेली आणायची तर ट्रेलरवर घालून आणावी लागली असती.”

“मग घालायची होतीस.”

“भर गावातून?” लायल म्हणाला. “शेणाने भरलेली? लोक काय म्हणाले असते, पेत्स्काला एक गाडी नीट ठेवता येत नाही.”

शोरूममध्ये कॉफीच्या मशीनपाशी दोघं-तिघं होती, एका कोपऱ्यात कोणाचं तरी बाळ रडत होतं. मार्लिसने कशाचीच पर्वा केली नाही.

“दोन बोटं गेली तुझी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज शेवटच्या टेबलापर्यंत गेला. “दहा महिने मी या लोकांना शिव्या घालतेय. रोज. स्वयंपाक करताना, गाईंना मोजताना. आणि तुला माहीत होतं. मी विधवा झालेली तुला चालली असती, पण शेजाऱ्यांनी ट्रेलर बघितलेला चालला नसता.”

लायलची मान लाल झाली. ट्रेंटने कागद हळूच तिच्याकडे सरकवला. “मिसेस पेत्स्का, हे बोलणं माझ्या कानावर आलंच नाही असं समजू या. रेकॉर्ड स्वच्छ आहे. तुम्ही सही करा, पुढचं आमच्यावर सोडा.”

“ऐकलंस तू,” मार्लिस म्हणाली. “चांगलं ऐकलंस. आणि सोमवारी जोलीनला काय सांगणार होतास तेही मला कळलं.” तिने किल्ली उचलली. परतीचे पंचाण्णव मैल कापून अंगणात गाडी थांबली तेव्हा एकशे दहा मैल उरले होते.

शनिवारपासून ती स्वतः गाडी घेऊन कुरणात जायला लागली. माणसाच्या चालीने, पहिल्या गिअरवर, गोल गोल. ही पेंडीची गाडी, हे गाईंना ठाऊक. त्यामुळे दोनशे गाई तिच्या मागून हंबरत हिंडायच्या आणि पेंड पडत नाही म्हणून जास्तच हंबरायच्या. दीर कुंपणापाशी येऊन बघून गेला. त्याने गावभर काय सांगितलं असेल ते सांगायला नको.

मंगळवारी दुपारी, सगळ्यात लांबच्या टेकडीमागे, पिवळा दिवा लागला. मग लाल. इंजिनाचा आवाज खोल गेला, गाडी दोन हिसके देऊन थांबली. तिने किल्ली फिरवली, पुन्हा फिरवली. काही नाही. पहिल्या क्षणी ती स्टिअरिंगवर मूठ आपटून ‘सापडलीस’ म्हणाली. मग हीटरचा पंखा थांबला आणि वारा ऐकू यायला लागला. फोनवर सिग्नलची एकही काडी नव्हती. गाई गोळा होऊन आरसे चाटत होत्या. इथे आवाज दिला तर कोणाला जाणार नाही, हे तिला बत्तीस वर्षं माहीत होतं, पण बंद गाडीत बसून कधी कळलं नव्हतं. जानेवारीत लायल असाच बसला असणार. किती वेळ बसला असेल, आणि काय ठरवून त्याने दार उघडलं असेल? मार्लिस रडली. रागानेच रडली, पण थोडा वेळ ते थांबेना.

अंधार पडायला आला तरी ती परतली नाही, म्हणून लायल ट्रेलर घेऊन आला. साखळीने ओढून दोघांनी गाडी वर चढवली. घरी आल्यावर तो सवयीने बादली घेऊन निघाला.

“बादली ठेव,” ती म्हणाली.

“समोरची काच तेवढी.”

“बादली ठेव, लायल. आणि गुरुवारी जायचं.”

गुरुवारी शोरूमच्या गावात गुरांचा लिलाव असतो. पंचक्रोशीतला प्रत्येक माणूस त्या दिवशी गावात असतो. लायलने तिच्याकडे बघितलं, मग गाडीकडे बघितलं आणि बादली उपडी करून ठेवली. गुरुवारी सकाळी ती खटाऱ्याच्या स्टिअरिंगकडे निघाली, तर तो आधीच तिथे जाऊन बसला होता. “मी चालवतो,” तो म्हणाला.

त्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचं एक बोट वर करून राम राम करायची रीत आहे. त्या दिवशी समोरच्यांची बोटं वर व्हायची आणि मग माना मागे वळायच्या. लायलने एकूण एक माणसाला बोट वर केलं. गावातल्या मुख्य रस्त्यावरून जाताना त्याचं कपाळ घामाने चमकत होतं आणि खटाऱ्यात तर हीटरही नव्हता.

सर्व्हिसच्या काउंटरपुढे लिलावाला आलेले पाच-सहा जण हातात कॉफी घेऊन उभे होते. रॉडने काचेतून ट्रेलर पाहिला. “धुऊन तरी आणायची,” तो म्हणाला.

मार्लिसने दहा महिने घोकलेलं भाषण ओठांवर आणलं होतं. पण लायल म्हणाला, “बाहेर ये. तूच बसून चालू कर.”

रॉड गेला. शेणाने माखलेलं दार दोन बोटांनी उघडून बसला. किल्ली फिरवली, तार जोडून कॉम्प्युटर लावला, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. आत येऊन म्हणाला, “गाळणीचा सेन्सर गेलाय. वॉरंटीत बसेल, सव्वीस मैल उरलेत.” मग कपाळावर आठ्या घालून त्याने विचारलं, “पण पहिल्यांदाच अशी का नाही आणलीत? तेव्हाच सापडलं असतं.”

मार्लिसने तोंड उघडलं. लायलने हॅट काढून काउंटरवर ठेवली.

“लाज वाटत होती,” तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

मग भिंतीपाशी उभा असलेला एक म्हातारा, ज्याच्या जमिनीला पेत्स्कांचं कुंपण लागून होतं आणि जो वर्षाला चार वाक्यं बोलत असे, तो आपल्या कपात बघत म्हणाला, “माझीपण अशीच करते. कुरणात. मीपण धुऊन आणतो.”

“माझ्या सुनेची दोनदा बंद पडली,” दुसरा म्हणाला. “पोरं होती आत. इथे सांगितलं, काही सापडलं नाही.”

मार्लिस लायलकडे बघत होती. त्याच्यावरचा तिचा राग गेला नव्हता, तो घरी नेऊन पुरवून पुरवून वापरायचा होता. पण आत्ता तिने काउंटरकडे तोंड वळवलं. रॉडने कीबोर्डवरचे हात काढून घेतले होते.

“किती जणांना सांगितलंस?” तिने विचारलं. “काही सापडलं नाही म्हणून. या एका थंडीत किती?”

“ते असं बघता येत नाही, मॅडम.”

“येतं,” मार्लिस म्हणाली. “परवा ट्रेंटने माझं रेकॉर्ड चुटकीसरशी काढलं होतं.” तिने बाजूची खुर्ची ओढून काउंटरच्या अगदी समोर आणली आणि बसली. “नावं वाच एकेक. मला घाई नाही, गाडी तर बंदच आहे.”