थोरलीसाठी पाऊस

मोठं तळं आटलं तेव्हाच मी म्हटलं होतं, आता मासे विकावेत आणि मोकळं व्हावं. पण आमच्या घरात माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, आणि आता तर ओतायलाही पाणी नाही. नवऱ्याने शेडमध्ये प्लास्टिकची गोल टाकी बसवली. तिच्यातलं पाणी खडी-कोळशाच्या पिंपांतून गाळून पुन्हा टाकीतच येतं. ती पिंपं रोज मी घासते. कंबरेचा काटा ढिला झालाय.

टाकीत राहिली थोरली आणि तिचे दोन नर. थोरली म्हणजे आमची जुनी मादी, सगळं बीज, म्हणजे विकायची पिल्लं, तिचंच. पण पावसाचं पाणी अंगावर पडल्याशिवाय ती अंडी घालत नाही आणि पावसाने यंदाही हुलकावणी दिली. या खेपेलाही अंडी नाहीत तर धंदा बंद, नवऱ्याने कुठेतरी नोकरी धरायची, हे ठरलं होतं.

शेवटी त्याने टाकीवर भोकं पाडलेला पाइप आडवा बांधला आणि मोटर लावली. तेच शिळं पाणी सरींसारखं पडू लागलं. थोरलीला चक्क गंडवायचं होतं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. बिचारीने इतकी वर्षं आमचं घर चालवलं होतं.

शेडला लागूनच सासऱ्यांची खोली. ते अंथरुणाला खिळलेले. आवाज ऐकून त्यांनी विचारलं, पाऊस आला का? नवरा हो म्हणून बसला. त्यांनी मला खिडकी उघडायला लावली आणि तिकडे तोंड करून पडून राहिले. तळ्यात पाणी साठतंय का, हेही विचारलं. साठतंय, असं नवरा म्हणाला आणि खाली मान घालून बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत सोडलेल्या काथ्याला अंड्यांचे बारीक दाणे चिकटलेले दिसले. नवरा टाकीच्या काठावर डोकं टेकून रडला. मीही रडले असते, पण अंगात तेवढं त्राण नव्हतं. आता मोटर बंद करायला हवी होती, टाकीतलं पाणी उडून उडून कमी झालं होतं. पण सासरे खिडकीकडे कान लावून होते. नवरा मला म्हणाला, तू कर. मी म्हटलं, तुमचा पाऊस, तुम्हीच थांबवा.

कोणीच थांबवला नाही. मी सासऱ्यांना चहा घेऊन गेले.

"घातली का थोरलीनं?" त्यांनी विचारलं.

"घातली."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "मग आता बंद करा ती मोटर. पिल्लांना पाणी पुरायला हवं."

मी कप खाली ठेवला. "तुम्हाला माहीत होतं?"

"मातीचा वास नाही आला गं. म्हटलं, ती फसतेय तर आपण कशाला बोलायचं."

मी जाऊन बटण दाबलं. परत आले तेव्हा त्यांनी खिडकी लावून घ्यायला सांगितली.