तीन प्रवासी कमी

देवयानी देशपांडे आणि तेजश्री सरवदे एकाच गावच्या. देवयानीचे वडील गावातल्या शाळेत शिक्षक. तेजश्रीची आई नागूबाई त्याच शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची. बारावीनंतर दोघींनी सोलापुरात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. वसतिगृहात दोघींचाही नंबर लागला नाही, तेव्हा रोज जाऊन-येऊन करायचं ठरलं.

गाव मोहोळ तालुक्यात, हमरस्त्यापासून आठ किलोमीटर आत. सोलापूर साठ किलोमीटर. सकाळी आधी वडापची जीप धरायची, आणि ती गच्च भरल्याशिवाय हलायची नाही. मग फाट्यावर एसटीची वाट बघायची. गाडी भरलेली असली की ड्रायव्हर हात दाखवून पुढे निघून जायचा. नऊच्या प्रॅक्टिकलला पोहोचेपर्यंत दहा वाजायचे आणि प्रयोगशाळेचं दार लागलेलं असायचं.

गावातून थेट गाडी मागायची, ही कल्पना तेजश्रीची. अर्ज देवयानीने लिहिला, कारण तिचं अक्षर सुरेख. सह्यांसाठी मात्र तेजश्री एकटी दारोदार फिरली. सोलापूरला शिकायला जाणारी पोरं, दवाखान्यात कामाला जाणाऱ्या दोन बाया, पोस्टातले एक कारकून, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. आगारात तिला तीन खेपा घालाव्या लागल्या. शेवटी साहेबांनी मान्य केलं. रात्री गावात मुक्कामाला येणारी गाडी सकाळी साडेसहाला थेट सोलापूरला सोडायची. पण तीन महिन्यांसाठीच. नंतर एक दिवस निरीक्षक येऊन माणसं मोजणार, आणि गावातून पंचवीस प्रवासी नसले तर गाडी बंद.

पहिल्या दिवशी तेजश्रीने गाडीला हार घातला. पावणेनऊला त्या कॉलेजच्या फाटकात होत्या.

दिवाळीनंतर देवयानीचा आतेभाऊ आशिष याला सोलापुरात बँकेत नोकरी लागली आणि त्याने गाडी घेतली. तो सातला निघायचा आणि देवयानीला घरापासून थेट कॉलेजच्या दारात सोडायचा. आणखी तिघं वर्गमित्र त्याच गाडीतून जायला लागले. पाच जणांत गाडी भरली. तेजश्रीचं काय, असं एकदा देवयानीच्या मनात आलंही होतं. पण आशिष म्हणाला, "तिला एसटी आहे की." देवयानीने विषय तिथेच सोडला. थंडीच्या दिवसांत अर्धा तास जास्त झोपायला मिळत होतं, हेही खरंच होतं.

तेजश्रीने तक्रार केली नाही. जानेवारीत एका संध्याकाळी मात्र ती देवयानीच्या अंगणात आली. उद्या निरीक्षक येणार, असं कंडक्टरने तिला सांगितलं होतं.

"उद्याच्या दिवशी तेवढं एसटीनं चला," ती म्हणाली. "तुमी चौघं आलात तर आकडा बसतोय."

"येते गं. सांगते मी त्या तिघांनापण," देवयानी म्हणाली.

तिने सांगितलंही. पण सकाळी गजर बंद करून ती पुन्हा झोपली, आणि जागी झाली तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. गाडी निघायला पाच-सात मिनिटं उशीर नेहमीच व्हायचा. पळत गेली असती तर मिळालीही असती. देवयानीने गरम पाण्याने अंघोळ केली आणि सातला आशिषच्या गाडीत बसली. बाकीचे तिघं आधीच आत होते. तू येशील म्हणून थांबलो, तू दिसली नाहीस म्हणून आम्हीही गेलो नाही, असं त्यांनी तिला सांगितलं.

मोहोळच्या पुढे त्यांनी एसटी मागे टाकली. खिडकीशी तेजश्री बसली होती. देवयानी चप्पल शोधायचं निमित्त करून खाली वाकली, आणि गाडी पुढे जाईपर्यंत तशीच वाकून राहिली.

त्या दिवशी गावातून बावीस प्रवासी मोजले गेले. एक फेब्रुवारीपासून साडेसहाची गाडी बंद झाली.

आपल्याला ताप आला होता, असं देवयानीने तेजश्रीला सांगितलं. तेजश्रीने कपाळाला हात लावून पाहिला आणि आता बरं आहे ना, एवढंच विचारलं. आशिषच्या गाडीत आळीपाळीने बसू, असं सांगायचं देवयानीच्या ओठांवर आलं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत फेब्रुवारी संपला. तेजश्री पुन्हा वडापने जायला लागली. तिची प्रॅक्टिकल बुडत गेली. हजेरी भरली नाही म्हणून तिच्या जर्नलवर सही झाली नाही, आणि परीक्षेला बसता आलं नाही.

देवयानी पहिल्या वर्गात पास झाली. वडिलांनी शाळेत पेढे वाटले. नागूबाईने पेढा घेतला, देवयानीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लई शिक." त्यानंतर देवयानी कितीतरी दिवस शाळेच्या रस्त्याने गेली नाही.

तेजश्री सोलापुरात नुकत्याच राहायला आलेल्या मावशीकडे गेली. नवी पेठेतल्या एका साड्यांच्या दुकानात ती कामाला लागली होती. जून संपता संपता देवयानी तिथे गेली. तेजश्री एका गिऱ्हाइकाने उलगडून टाकलेल्या साड्यांच्या घड्या घालत होती. ती देवयानीला घेऊन दुकानाबाहेर पायरीवर आली. समोरून रिक्षा आणि माणसं दाटीने चालली होती.

"मला ताप नव्हता त्या दिवशी," देवयानी म्हणाली. "मी आशिषच्या गाडीत होते."

"म्हाईत हाय. तू वाकलीस ते दिसलं की मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून काय गाडी चालू झाली असती?"

देवयानीला रडू आलं. तेजश्रीने तिला गप्प केलं नाही, दूर लोटलंही नाही. ती आत पाहत होती; मालक हाक मारतील म्हणून. रडणं थांबल्यावर तिने सांगितलं, की तिची धाकटी बहीण यंदा बारावीला आहे. गावातून आणखी चार-पाच पोरी पुढच्या वर्षी सोलापूरला यायचं म्हणतात.

"तुला काही करायचंच असलं तर त्यांच्यासाठी कर," ती म्हणाली. "माझं मी बघते."

देवयानीने पुन्हा अर्ज लिहिला. या वेळी सह्या घ्यायला ती स्वतः फिरली, आणि तेजश्रीने काय काय ऐकून घेतलं असेल ते तिला तेव्हा कळलं. लोक तिला म्हणत होते, "तुमीच गाडी सोडली की. आता कशाला हिंडताय?" तिने प्रत्येक दारात कबूल केलं, की चूक माझी होती.

सगळ्यात शेवटी ती नागूबाईच्या घरी गेली. तिथेही तिने सगळं सांगितलं. नागूबाई भाकरी थापत होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, भाजली, आणि मग पदराला हात पुसून कागद जवळ ओढला.

"माझ्या पोरीचं वरीस गेलं," ती म्हणाली. "ती मला बोलली न्हाय, पण मला वाटत हुतं काय तरी झालंय." एवढं बोलून तिने सावकाश अक्षरं काढत सही केली. देवयानीला चहा विचारला नाही.

आगारात देवयानीला चार खेपा घालाव्या लागल्या. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा सुरू झाली, त्याच अटीवर. आशिषला तिने आपण येणार नसल्याचं सांगितलं. बाकीच्या तिघांपैकी एक जण तिच्याबरोबर एसटीने जायला लागला, दोघं गेले नाहीत.

तेजश्रीने मावशीकडूनच पहिलं वर्ष पुन्हा सुरू केलं. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. कॉलेजच्या आवारात दोघी भेटतात. देवयानी आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिने स्वतःच्या वह्या तेजश्रीला देऊ केल्या, तेव्हा तेजश्रीने त्या घेतल्या आणि आठवड्याने परत केल्या. पहिल्यासारखं डबा एकत्र खाणं मात्र झालेलं नाही. देवयानीने अजून तिला तसं विचारलेलं नाही.