आडवी काठी

मी एक जुना ठोकळा आहे, मित्रांनो. वर्गात मठ्ठ पोराला म्हणतात तो नव्हे. मी खरोखरचा, लाकडाचा, पोटात पोकळ आणि पाठीवर मधोमध खड्डा पडलेला. तो खड्डा नाच शिकवणाऱ्या एका मास्तरांनी पाडला. ते मांडी घालून बसायचे, मला पुढ्यात ठेवायचे आणि आखूड काठीने माझ्यावर ताल ठोकायचे. मी वाजलो की समोरचे पाय पडायचे. पाय चुकले की मला आणखी जोरात लागायचं. चूक त्यांची आणि मार मला, असा आमचा संसार.

मुळात मी एका दाराच्या चौकटीतला तुकडा. घर पाडलं तेव्हा एका सुताराने मला उचललं आणि कोरून ठोकळा केला. माझ्याबरोबर आणखीही भावंडं होती. मास्तर दुकानात आले तेव्हा ऐन तरुण होते. त्यांनी प्रत्येकाच्या पाठीवर बोटाची पेरं वाजवून बघितली. माझी भावंडं गोड वाजली, घुमली. मी कोरडा वाजलो.

"हा द्या," मास्तर म्हणाले. "हा रडत नाही. रडकं काही मला चालत नाही."

"मास्तर, वाजवायला नेताय की मारायला?" सुताराने हसत विचारलं.

"दोन्ही एकच," मास्तर म्हणाले. सुताराला तो विनोद वाटला. मलाही वाटला, कारण मी नवा होतो.

क्लास एका सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर होता. जिन्यात वंगणाचा वास, दाराशी चपलांचा ढीग, आणि आत एक लांबलचक खोली. एका भिंतीला मोठा आरसा होता, पण मास्तरांनी त्याच्यावर चादर टाकून ठेवली होती. "स्वतःचं रूप बघायचं असेल तर घरी जा," ते सांगायचे. "आणि माझ्या तोंडाकडेही बघायचं नाही. माझ्या तोंडावर काही लिहिलेलं नाही. काठीकडे बघा. जे काय सांगायचं ते काठी सांगेल." हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे याच वाक्याने घात केला.

मी जमिनीवर, त्यामुळे मला माणसं ओळखू यायची ती पायांवरून. जाड पाय, बारके पाय, नखं खाल्लेले पाय, टाचेला भेगा पडलेले पाय. मास्तरही पायच बघायचे, पण बघून गप्प बसणाऱ्यातले ते नव्हते. प्रत्येकीला त्यांनी एकेक नाव ठेवलं होतं. एक 'पोतं', एक 'लंगडी', एक 'चिखल'. मुली महिनोन्महिने त्याच नावाने हाक ऐकायच्या आणि ओ द्यायच्या. एखादीचं चुकलं की तिला गुडघे वाकवून अर्ध्या बैठकीत उभं करायचे आणि स्वतः खाली चहाला जायचे. पोरीच्या मांड्या लटलट कापायच्या, घाम टपटप फरशीवर पडायचा. मास्तर सावकाश वर यायचे आणि घामाचं थारोळं बघून म्हणायचे, "फरशी पुसायला फडकं त्या कोपऱ्यात आहे." यालाच लोक शिस्त म्हणायचे, आणि लांबलांबून मुलींना त्यांच्याकडे आणून सोडायचे.

त्यांची स्वतःची लेकही शिकत होती. तिचे तळवे सपाट. बिचारीने जिवाचं रान केलं, पण मास्तरांनी एक दिवस भर वर्गात काठी थांबवली आणि म्हणाले, "हे पाय आहेत की इस्त्री? ऊठ. इथे बस आणि झांजा धर." त्या दिवसापासून ती त्यांच्या शेजारी बसून झांजा वाजवायला लागली. तिने परत कधी घुंगरू बांधले नाहीत.

आता मास्तरांची ती रीत सांगतो, जिच्यासाठी मुली हे सगळं सोसायच्या. मास्तर कुणालाही 'छान' म्हणत नसत. त्यांच्या गुरूंनी त्यांना कधी म्हटलं नव्हतं, मग हे कशाला म्हणतील? पण एखादीचा ताल अंगात इतका मुरला, की तिला आता ठोक्याची गरज नाही असं दिसलं, तर गुरू नाच चालू असतानाच ठोकायचा थांबतो आणि काठी ठोकळ्यावर आडवी ठेवतो. बस, एवढंच. त्याचा अर्थ, 'जा, तुझी तू नाच.' मास्तरांसाठी त्यांच्या गुरूंनी एकदा काठी अशी आडवी ठेवली होती. मास्तरांनी मात्र कुणासाठीच ठेवली नव्हती. दगडाला पाझर फुटेल, पण ही काठी आडवी व्हायची नाही, असं मुली जिन्यात बोलायच्या.

आणि मग आली टिटवी. हे नावही मास्तरांनीच ठेवलं, तिच्या काटकुळ्या पायांवरून. आली तेव्हा एवढीशी होती. पण ती पावलं माझ्या ठोक्याबरोबर अशी पडायची, की दोन्हींच्या मध्ये केस शिरायला जागा नाही. मास्तरांना ते कळत नव्हतं असं समजू नका. कळत होतं, म्हणूनच तिला सगळ्यांत जास्त बोलणी. "नाचतेय की विंचू मारतेय?" "तुझ्या आईला सांग, पोरीला टंकलेखनाला घाल." ती ऐकायची आणि पुन्हा सुरुवातीपासून करायची.

एकदा तिची आई न्यायला आली आणि दारातच कुजबुजली, "अगं, दुसरीकडे शीक ना. पलीकडच्या गल्लीत त्या बाई आहेत, किती तोंडभरून कौतुक करतात पोरींचं."

"फुकटचं कौतुक काय चाटायचंय, आई?" टिटवी म्हणाली. "मला ती काठी आडवी झालेली बघायचीय. मग मी काही मागणार नाही."

आत बसलेल्या मास्तरांनी ते ऐकलं. ऐकून हसले. मित्रांनो, मी त्यांना फार कमी वेळा हसताना ऐकलंय आणि त्यातलं एकही हसणं मला आवडलेलं नाही.

वर्षं गेली. टिटवीचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला. भरलेलं सभागृह, रंगमंचाच्या कडेला मास्तर, त्यांच्या पुढ्यात मी, शेजारी झांजा घेऊन लेक, मागे गाणारा. पहिल्या रांगेत 'पोतं', 'लंगडी' आणि बाकीच्या, आता मोठ्या झालेल्या. टिटवी नाचली. काय सांगू, इतकी वर्षं पाय बघितले, पण तसे पाय पुन्हा बघितले नाहीत. शेवटचा जलद नाच सुरू झाला, तेव्हा मला एक नवल वाटलं. मास्तर हलक्या हाताने ठोकत होते. इतकं हलकं त्यांनी मला जन्मात कधी मारलं नव्हतं.

मग काठी आडवी झाली.

पहिल्या रांगेत एकदम कुजबूज उठली. लंगडी रडायलाच लागली. टिटवीने काठीकडे बघितलं, आणि तिच्या अंगात वारं शिरलं. ती जी सुटली ती सुटलीच. गाणाऱ्याला चेव आला, त्याने पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतलं, झांजा तापल्या, लोक टाळ्या थांबवीनात. नाच ठरल्यापेक्षा कितीतरी लांबला. मास्तर मान खाली घालून बसले होते, आणि सगळ्यांना वाटलं, शेवटी म्हाताऱ्याचं मन भरून आलं.

खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं. ठेवलेली काठी वेगळी आणि पडलेली वेगळी. ही हातातून निसटली, माझ्या पाठीवर आपटली, गडगडली आणि खड्ड्यात अडकून आडवी राहिली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडावी, तसं झालं. मास्तरांचा उजवा हात गुडघ्यावरून घसरून माझ्या शेजारी फरशीवर पडला होता, तळवा वर करून. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. पण तोंडाकडे बघायचं नाही, हे मास्तरांनी सगळ्यांना चोपून चोपून शिकवलं होतं. विद्या फळाला आली ती अशी.

पडदा पडला. टिटवी पाया पडायला वाकली, तेव्हा कुठे तिला त्यांचं तोंड दिसलं.

मास्तर वाचले. वाचले म्हणजे अर्धे वाचले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांना घरी खिडकीशी पलंगावर ठेवलं आणि मला पलंगाखाली. टिटवी भेटायला आली. पलंगाशी बसून तिने त्यांचा तो मेलेला हात हातात घेतला.

"मास्तर," ती म्हणाली, "तुम्ही लवकर बरे व्हा. तुम्ही काठी ठेवलीत, माझे पांग फिटले. आता मला काही नको."

लेक औषधाचा चमचा पुसत उभी होती. ती म्हणाली, "ठेवली नाही. पडली."

"ताई, असं काय बोलतेस?"

"हात गेला म्हणून पडली. डॉक्टर म्हणाले, लगेच आणलं असतं तर निदान बोलता तरी आलं असतं. पण आणणार कोण? तुझा नाच संपायला नको?"

टिटवीने मास्तरांचा हात पलंगावर ठेवला. मग ती हळूच म्हणाली, "तू तर त्यांच्या शेजारी बसली होतीस."

"हो, बसले होते," लेक म्हणाली. "काठी आडवी झालेली दिसली आणि मी तोंड फिरवलं. मला ते बघवलं नाही. झालं समाधान?"

दोघींच्या मध्ये मास्तर पडले होते आणि सगळं ऐकत होते. टिटवी त्यांच्याकडे वळली. "मास्तर, तुम्हीच सांगा. ठेवलीत की पडली?"

मास्तरांनी डावा हात उचलला आणि पलंगाखाली दाखवलं. लेकीने मला बाहेर ओढलं, पलंगावर त्यांच्या कुशीशी ठेवलं आणि काठी त्यांच्या डाव्या हातात दिली. मित्रांनो, त्या माणसाला फक्त एक करायचं होतं. हात सैल सोडायचा होता. खोटं का होईना, काठी आडवी पडली असती आणि एक पोर जन्मभर सुखाने जगली असती. टिटवी श्वास रोखून काठीकडे बघत होती. तोंडाकडे नाही, काठीकडेच. सवय.

सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. मास्तरांनी काठी उचलली आणि माझ्या पाठीवर ठोका दिला. मग दुसरा. वाकडा हात, पण ताल चोख. आणि ताल कुठला? पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, नव्या पोरीला शिकवतात तो. एक पाय उचला, आपटा, दुसरा उचला, आपटा.

टिटवीने ओढणी कमरेला खोचली, गुडघे वाकवले आणि त्या तालावर पाय आपटायला लागली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण पाय एकदाही चुकला नाही. मास्तर ठोकत राहिले. लेक चमचा घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली.

मास्तर गेल्यावर लेकीने मला उचलून टिटवीच्या दारात ठेवलं. "घेऊन टाक," ती म्हणाली. "मला ह्याचा आवाज घरात नको."

आता मी टिटवीच्या क्लासमध्ये असतो. तिला मुली बाई म्हणतात. बाई नावं ठेवत नाहीत, कुणाला चहाच्या वेळी उभं करत नाहीत. भिंतीवर आरसाही उघडा आहे. पण कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून निघत नाही, आणि काठी तर कधीच खाली येत नाही. त्या हलक्या ठोक्यांचं मला अजून कोडं आहे. हात मरत होता म्हणून ते हलके होते, की मास्तरांना खरंच थांबायचं होतं? बाईंना हे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला वाजवल्याशिवाय आवाज नाही, आणि वाजवल्यावर दुसरं काही बोलता येत नाही.

तुम्हाला तर तोंड आहे, मित्रांनो. मग चांगलं दिसलं तर चांगलं म्हणा, तिथल्या तिथे, ऐकू जाईल असं. ते काठीवर, लाकडावर, नंतरवर सोपवू नका. आणि ज्याच्या हाताकडे बघत राबताय, त्याच्या तोंडाकडेही अधूनमधून बघत जा. जुन्या ठोकळ्याचं एवढं ऐका.

परवा एक नवी मुलगी नाचून नाचून दमली. पाय छान आहेत तिचे, बारीक, पण चोख पडतात. घाम पुसत तिने विचारलं, "बाई, ताई लोक सांगतात, छान झालं की काठी आडवी ठेवतात. तुम्ही कधी ठेवणार?"

बाईंची काठी हवेत थांबली. मी खालून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. दुसरं कुणी बघत नव्हतं.

"हात गळून पडेल तेव्हा," बाई म्हणाल्या.

मुलींना वाटलं, बाई थट्टा करतात. त्या खुदखुदल्या. बाईंनी माझ्यावर ठोका दिला आणि सगळ्यांचे पाय पुन्हा पहिल्यापासून पडायला लागले.