परीक्षक एक्केचाळीस

सरकारी इस्पितळाचा कारभार एका परदेशी कंपनीकडे गेला, तेव्हा फिजिओथेरपीच्या खोलीत वरवर फारसं काही बदललं नाही. भिंतींना रंग लागला, आणि बारा खेपांनंतर पेशंटला पुढे बोलवायचं तर कंपनीची मंजुरी लागू लागली. तिथल्या ताई वीस वर्षं लोकांचे आखडलेले हातपाय मोकळे करत आल्या होत्या. त्यांनी शिंपीकाकांसाठी मंजुरी मागितली. पक्षाघातानंतर काकांची उजव्या हाताची बोटं आत्ता कुठे ऐकायला लागली होती.

नकार आला : ‘रुग्ण स्वतःच्या हाताने जेवतो. उद्दिष्ट पूर्ण.’ खाली नाव नव्हतं, नुसतं ‘परीक्षक ४१’.

ताईंना राग आला, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. हा एक्केचाळीस आहे तरी कोण? नियम चाळताना त्यांना एक कलम सापडलं : परीक्षकाशी सात मिनिटं फोनवर बोलता येतं. आजवर कोणी मागितलंच नव्हतं. ताईंनी मागितलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. पलीकडे दुसऱ्याच देशातल्या, हाडांच्या एक वयस्कर डॉक्टर होत्या. दोघींची इंग्रजी बेताचीच, पण जमलं. त्या बाईंचंही इस्पितळ याच कंपनीने चालवायला घेतलं होतं. तेव्हापासून त्या घरी बसून फायली तपासत. मग तुमच्याकडच्या पेशंटांचं कोण ठरवतं, असं ताईंनी विचारलं.

“ते तिसऱ्याच देशात ठरतं,” बाई म्हणाल्या. “माझ्या गुडघ्याची फाइल गेलीय तिकडे. कोणाकडे, देव जाणे.”

दोघींना हसू आलं. मग बाईंनी विचारलं, “तुमचे काका करतात काय?”

“शिंपी आहेत.”

“अजून? सत्तरीपुढच्या माणसाला आमच्या फॉर्मवर धंद्याचा रकानाच नाही. उद्दिष्टात जेवण लिहू नका. सुईत दोरा ओवणं लिहा.”

ताईंनी तसं लिहून पाठवलं आणि आणखी दहा खेपा मंजूर झाल्या. त्यातल्या सहाव्या खेपेला काकांना जाड सुई साधली. बारीक सुई काही साधली नाही. ते काम त्यांनी जरा हिरमुसूनच सुनेकडे सोपवलं आणि स्वतः पडदे, उशांचे अभ्रे शिवू लागले. पण दुकानात रोज बसायला लागले.

ताईंनी मग कपाटातून जुन्या नकारांचा गठ्ठा काढला. प्रत्येक फाइलवर पेन्सिलीने लिहिलं, ‘हा माणूस करतो काय?’ आणि वरच्या फाइलीतल्या पेशंटला फोन लावला.