कुंचीची झालर

देवयानीने कुंचीची तोंडावर येणारी झालर टराटरा उसवली. आता पाळण्यातल्या बाळाचा दुभंगलेला ओठ कुणालाही दिसला असता, आणि बारशाच्या बायका तर जिना चढायला लागल्याच होत्या.

"अगं, लोग काय म्हणतील!" शरदिनीआत्या कडाडल्या. सासूबाईंची ही थोरली नणंद. अख्ख्या ब्रह्मा घाटावर त्यांच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. "ऐन ग्रहणात त्या लॅबमध्ये अंडी फोडत बसलीस. आधी पंचगंगा घाटावर गंगेत डुबकी मार, चूक कबूल कर. मग नाव ठेवू."

"कबूल? मुळीच नाही!" कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून आतला जीव कसा घडतो, हे बघण्यात देवयानीची वर्षं गेली होती. "चेहरा जागच्या जागी उगवत नाही, आत्या. पाठीकडून पेशी निघतात, दोन्ही बाजूंनी सरकत पुढे येतात, नाकाखाली भेटतात. दुसऱ्या महिन्यातच ओठ जुळतो. हिचा तेव्हाच जुळला नाही. ग्रहण लागलं तेव्हा मला सातवा महिना होता!"

"मला शिकवतेस?"

"टाके पडतील तेव्हा पडतील. तोवर हाच तिचा चेहरा. ज्याला बघवत नसेल त्याने घुगऱ्या खाव्यात आणि जावं."

सासूबाई, प्रेमलाताई, घुगऱ्यांचं पातेलं धरून कोपऱ्यात उभ्या होत्या. झालर त्यांनीच शिवली होती. देवयानीला खरा राग त्यांचाच आला होता.

"दुसऱ्या महिन्यात?" त्यांनी विचारलं.

"हो, आई."

"नक्की?"

"नक्की. ग्रहणाचा काही संबंध नाही."

प्रेमलाताईंनी पातेलं खाली ठेवलं.

"वन्सं, विश्वजीतच्या आधीच्या माझ्या मुलीचा ओठ असाच होता. बारशाआधीच गेली ती. मी तर ग्रहणभर काडी मोडली नव्हती. तुम्हीच दाराशी बसून होतात. तरी जन्मभर म्हणालात, काहीतरी केलंच असशील. आणि मीही मेली शोधत बसले, काय केलं म्हणून."

नवऱ्याला, विश्वजीतला, थोरली बहीण होती, हे देवयानीला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बायका आत आल्या. नाव सांगायला आत्या सवयीने पुढे झाल्या, तसा प्रेमलाताईंनी हात आडवा घातला. पाळण्यावर वाकून त्यांनीच बाळाच्या कानात 'अवनी' म्हटलं.

"देवयानी, एक नाव जादा ठेवलं तर चालेल? तिचं बारसं राहूनच गेलं गं."

देवयानीने पाळण्याची दोरी हातात घेतली.

"कानात नको, आई. मोठ्याने सांगा."

"मालविका," प्रेमलाताई म्हणाल्या. आवाज थेट जिन्यापर्यंत गेला.